भिंतीचे दीड अंश

२ सप्टेंबर, सोमवार

मुख्याध्यापकांनी अखेर होकार दिला. नववीच्या अकरा विद्यार्थ्यांकडून शाळेच्या आवारात हवामान-निरीक्षण केंद्र उभारून घ्यायचे, हा माझा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर सात आठवडे चहाच्या कपाखाली पडून होता. आज त्यावर सही झाली. कपाचा गोल डाग मात्र सहीपेक्षा ठळक आहे.

शहराच्या वेधशाळेची अट स्पष्ट आहे. सलग तीस दिवस, रविवार धरून, रोज दोन वेळा नोंदी घ्यायच्या: सकाळी आठला किमान तापमान आणि पाऊस, दुपारी तीनला कमाल तापमान आणि वारा. ह्या नोंदी वेधशाळेच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या जातील. जुळल्या, तर आमच्या केंद्राला क्रमांक मिळेल आणि आमच्या नोंदी शहराच्या रोजच्या अंदाजात धरल्या जातील. अर्ज नाकारला गेला, तर दोन वर्षे पुन्हा करता येत नाही. तोवर ही मुले शाळेतून बाहेर पडलेली असतील. म्हणजे त्यांना संधी एकच.

तपासणीला जो येणार, तो संशोधनाच्या दिवसांतला माझा सहाध्यायी. त्याची आकडेमोड मी तपासून देत असे. पुढे वेधशाळेतली जागा त्याला मिळाली, मला नाही. ह्याबद्दल माझ्या मनात यत्किंचितही कटुता नाही, म्हणूनच ते येथे एकदाच लिहून मोकळी होते.

६ सप्टेंबर, शुक्रवार

जागा ठरली: प्रयोगशाळेच्या खिडकीसमोरचा चौक. पूर्वेला व्यायामशाळेची पांढरी भिंत आहे. तापमापकाची पेटी जिथे उभी राहील, तिथपासून तिचे अंतर सव्वापाच मीटर. भिंतीची उंची पाहता ते थोडे अधिक असते तर बरे झाले असते, पण चालण्याजोगे आहे. अंतर मी स्वतः मोजले.

ह्या वर्गात एक मुलगी आहे, जिला सगळे ‘वकील’ म्हणतात. नाव सार्थ आहे. फळा पुसायला सांगितला तरी ती आधी बाजू मांडते. आज तिने हात वर केला.

“मॅडम, मैदानाच्या टोकाला जास्त मोकळं नाही का? गवतही आहे तिथे.”

“मैदानाचे टोक प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसत नाही.”

“पण हवामानाला खिडकी कशाला लागते?”

निरीक्षकांवर निरीक्षण नसेल तर निरीक्षणाला अर्थ उरत नाही, असे मी तिला समजावले. “बरोबर आहे, मॅडम,” ती म्हणाली. तर्कशुद्ध उत्तर मिळाले की मुले शांत होतात.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पेटी तयार होत आहे. ग्रंथालयाच्या जुन्या कपाटाची झडपांची दारे मिळाली. त्या झडपांतून वारा आत खेळतो आणि ऊन मात्र बाहेरच राहते. तापमापकाला हेच हवे. चार पायांपैकी एक चार मिलिमीटरने आखूड निघाला. मी पेटी तीनदा सुटी करायला लावली. चौथ्या वेळी सगळे पाय जमिनीला टेकले, तेव्हा मुलांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातून चौकशी आली.

वाऱ्याचा वेग मोजणारे चक्र वर्गातल्या सर्वांत उंच मुलाने केले. त्याला ‘लंबू’ म्हणतात. नावे ठेवण्यात ह्या वर्गाची कल्पकता बेताचीच आहे. आडव्या काड्यांवर त्याने घरच्या चार पळ्या बसवल्या आहेत. त्याच्या आईचा निरोप आला: “वारा मोजून झाला की पळ्या परत पाठवा. घरात वाढायला एक झारा तेवढा उरलाय.”

संध्याकाळी पेटीला पांढरा रंग दिला. पेटीइतकाच मुलांनाही लागला. लंबूच्या नाकावरचा ठिपका मी दाखवला नाही. तो फार खुशीत होता.

२३ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. सकाळी आठच्या ठोक्याला अकराही मुले हजर, शिवाय तीन पालक, दोन शिपाई आणि मुख्याध्यापक. वकीलने पेटीचे दार उघडले, आकडा मोठ्याने वाचला आणि ‘कासव’ने तो नोंदवहीत उतरवला. कासव ही ह्या वर्गातली सर्वांत सावकाश आणि सर्वांत सुबक लिहिणारी मुलगी. वही तिच्याकडे सोपवण्याचा निर्णय माझा.

दुर्दैवाने कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि तिने दचकून सातचा नऊ केला. तो खोडला, बाजूला पुन्हा लिहिला. पहिल्याच पानावर खाडाखोड! मी सांगितले की पक्क्या वहीत मला एकही खोडलेला आकडा दिसता कामा नये. आधी कच्च्या वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयात बसून शांतपणे पक्की करा.

२५ सप्टेंबर, बुधवार

कमाल तापमान सलग दोन दिवस चुकले. वेधशाळेचे आकडे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून येतात. आमचा आकडा सोमवारी १.६ ने आणि मंगळवारी १.४ ने अधिक. मी दोन्ही आकड्यांभोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात लिहिले, “वाचन सदोष.”

लंबू म्हणाला, “मॅडम, मी दोनदा वाचलं.”

“दोनदा चुकीचे वाचले तर ते बरोबर ठरत नाही.”

“जागा तर नाही ना चुकली?” वकीलचा प्रश्न. जागा मी निवडली आहे आणि तापमापक मी स्वतः बर्फाच्या पाण्यात तपासला आहे, असे उत्तर दिले. तिने लंबूकडे पाहिले, लंबूने कासवाकडे, आणि कासवाने वहीकडे. मुद्दा त्यांना पटला असावा.

३ ऑक्टोबर, गुरुवार

काय विलक्षण सुधारणा! गेल्या आठवड्यात वेधशाळेच्या आकड्यांपासून आमचा सर्वांत मोठा फरक ०.२ अंश. पाने मोत्यांसारखी. शिस्त लावली की मुले काय करू शकतात, ह्याचा हा उत्तम पुरावा आहे, आणि हे मी कुणाला म्हणाले नसते, पण नोंदवही घरी घेऊन आले.

नवरा दंतवैद्य आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून आलेला माणूस संध्याकाळी गंभीर विषयावर बोलायच्या मनःस्थितीत नसतो. त्याने चष्मा कपाळावर सरकवून पाने चाळली.

“अगं, तोंडातले सगळे दात एका रेषेत दिसले की मी काय समजतो ठाऊक आहे?”

“काय?”

“कवळी.”

मला ही उपमा अभिरुचीहीन वाटली. वही कोरड्या फडक्याने पुसून पिशवीत ठेवली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

बाविसावा दिवस. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत आमची वही सर्वांना दाखवली. मी नम्रतेने खाली पाहिले. कितपत जमले, सांगता येत नाही. सहाध्याय्याला दूरध्वनी करून तपासणीची तारीख विचारली आणि आमचा सरासरी फरक सहज सांगून टाकला.

तो म्हणाला, “एवढा कमी? आमच्याच दोन पेट्यांत ह्याहून जास्त फरक येतो.”

त्याचा मत्सर मी समजू शकते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काल संध्याकाळी शाळेच्या फाटकात मला पावसाने गाठले. छत्री मी विसरत नाही. काल ती घेतली नव्हती, कारण अंदाजात पाऊस नव्हता. पंधरा मिनिटांची सर, पण अशी की बुटांतून पाणी ओतावे लागले.

आज दहा वाजता नोंदवही उघडली. पाऊस: ०.०.

मी पर्जन्यमापकाकडे गेले. बाटली रिकामी आणि पुसलेली होती. म्हणजे सकाळी कुणीतरी ती मोजून ओतली होती. माझे बूट अजून ओले होते. ग्रंथालयात जाऊन आजचे वर्तमानपत्र पाहिले. वेधशाळा, काल, पाऊस: ०.०. सर शाळेवर पडली, वेधशाळेवर पडली नाही. असे नेहमीच होते, आणि म्हणून तर शहरात अधिक केंद्रे हवी असतात.

वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या त्या चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. पूर्वीचे अंक काढून पाहिले. पंचवीस तारखेनंतरच्या प्रत्येक अंकावर त्या आहेत. फक्त ह्या चौकटीवर.

अंक तारखेप्रमाणे लावून परत ठेवले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रथम प्रामाणिकपणे लिहिते: सकाळी दहा मिनिटे मी असा विचार केला की पाचच दिवस उरले आहेत, वही निर्दोष दिसते, आणि पावसाच्या एका नोंदीकडे कोण पाहणार. दहा मिनिटे. घड्याळ समोर होते.

मग अकराही जणांना प्रयोगशाळेत बोलावले आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. कासवाच्या डोळ्यांतून टप टप पाणी सुरू झाले.

“कच्ची वही कुठे आहे?” मी विचारले.

ती खेळाच्या साहित्याच्या कपाटातून, चेंडूंच्या जाळीमागून आली. कव्हरवर कासवाच्या सुबक अक्षरात लिहिले होते: ‘खरी वही’.

“मग ही दुसरी कोणती?”

लंबू पुटपुटला, “ती... मॅडमची वही.”

मी आतली पाने पाहिली. तेलाचे डाग, खाडाखोड, पेटीत शिरलेल्या पालीचे चित्र, आणि पंचवीस दिवसांची एकही न चुकलेली नोंद. काल सकाळचा पाऊस: ४.२. शेजारी लिहिले होते, “मॅडम भिजल्या. कळेल का?”

“खरे आकडे समोर असताना हे का केलेत?” माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला.

वकील उभी राहिली. पहिल्यांदाच तिने हात वर केला नाही. “मॅडम, तुम्ही म्हणालात जागा बरोबर. तापमापक बरोबर. मग उरलं कोण? आम्हीच. रोज दुपारी आम्ही चौघं-चौघं वाचायचो, तरी जास्तच यायचं. आम्हाला वाटलं, आम्हाला वाचताच येत नाही. तुमची वही आमच्यामुळे कशाला खराब करायची?”

दुपारी तीनला मी एकटी चौकात गेले. ऊन होते. व्यायामशाळेच्या भिंतीवर तळहात ठेवला. ठेववेना.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळपासून जेवणाच्या टेबलावर दोन्ही वह्या. नवरा आकडे वाचत होता, मी आलेख काढत होते. दवाखाना त्याने अर्धा दिवस बंद ठेवला. मी तसे सांगितले नव्हते.

सकाळचे आकडे वेधशाळेशी जुळतात. दुपारचे ढगाळ दिवशीही जुळतात. वाऱ्याच्या दिवशी फरक एक अंशाच्या आत. लख्ख उन्हाच्या, वारा पडलेल्या दिवशी दीड, कधी १.७. अपवाद एकही नाही.

मुलांना वाचता येत होते. इतके अचूक वाचता येत होते, की सव्वापाच मीटरवरून त्यांनी एका तापलेल्या भिंतीची उष्णता दिवसागणिक मोजून काढली होती. चुकलेली गोष्ट एकच होती, आणि ती मी खिडकीसाठी निवडली होती.

“आता?” नवऱ्याने विचारले.

“आता त्याला दूरध्वनी.”

“कठीण आहे?”

“दाढ काढण्याइतके.”

“मग भूल न देता काढ. लवकर होते.”

मी सगळे सांगितले: भिंत, खिडकी, दोन वह्या, माझी लाल वर्तुळे.

“तू? चूक?” सहाध्यायी म्हणाला. “थांब, मला खुर्चीवर बसू दे.”

मग त्याने जे सांगितले, ते अर्जाच्या तिसऱ्या पानावर छापलेले होते आणि माझ्या नजरेतून सुटले होते: तीस दिवस पुरे होण्याआधी अर्ज मागे घेतला, तर तो नाकारला गेला असे धरत नाहीत. नव्याने करता येतो.

“आजच पत्र पाठव. आणि ती पालीचं चित्र असलेली वही जपून ठेव. मला ती बघायची आहे.”

२१ ऑक्टोबर, सोमवार

वर्गाला आलेख दाखवला आणि सांगितले: जागा चुकीची होती. ती मी निवडली. तुमचे प्रत्येक वाचन बरोबर होते. दोन आकड्यांभोवतीची लाल वर्तुळे मी त्यांच्यासमोर खोडली आणि खाली सही केली.



“पण मॅडम,” वकील म्हणाली, “आकडे बदलायला नको होते आम्ही.”

“नव्हते बदलायला हवे. ती चूक तुमची, आणि ती भिंतीच्या खात्यावर टाकता येणार नाही.”

“मग शिक्षा?” लंबूने विचारले.

“पेटी उचलून मैदानाच्या टोकाला न्यायची.”

“एवढीच?”

“तिचे वजन चाळीस किलो आहे.”

हशा पिकला. त्यात मीही होते, असे कासवाने नंतर वर्गमैत्रिणीला सांगितलेले मी ऐकले. तिच्या स्वरात साप पाहिल्याचे आश्चर्य होते.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पेटीची अक्षरशः वरात निघाली. पुढे पर्जन्यमापक घेतलेली वकील, मधे सहा जणांच्या खांद्यांवर पेटी, मागे फिरत्या पळ्या उंच धरून लंबू. प्रत्येक वर्गाच्या खिडकीत डोकी. शिपाई ओरडला, “कुणाचं लग्न?” “भिंतीचा घटस्फोट!” लंबू उत्तरला.

गवतावर, कोणत्याही भिंतीपासून चाळीस पावलांवर पेटी रोवली. ह्या वेळी पाय दोनदाच बसवावे लागले. परवापासून पुन्हा पहिला दिवस. वही एकच. चुकलेला आकडा एका रेघेने असा कापायचा की तो वाचता आला पाहिजे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज घरची दुर्बीण शाळेत नेली. पक्ष्यांसाठी. प्रयोगशाळेच्या खिडकीच्या अगदी कडेला उभे राहून मान वाकडी केली, तर मैदानाचे टोक थोडेसे दिसते. तीन वाजता सहज तिकडे पाहिले. वकील पेटीपाशी उभी राहून थेट दुर्बिणीत हात हलवत होती.

फरक दुपारी ०.३, सकाळी ०.४. एक दिवस ०.६. कुणीही कुणाला रागावले नाही. मला दोनदा जीभ चावावी लागली.

१७ नोव्हेंबर, रविवार

पंचविसावा दिवस, आणि शाळेचे फाटक बंद. पहारेकरी आजारी पडला होता, किल्ली त्याच्या घरी. लंबू धावत गेला आणि आला. आम्ही पेटीपाशी पोचलो तेव्हा वहीवर पेन टेकवून कासवाने माझ्याकडे पाहिले.

“मॅडम, आठ लिहू?”

एकही नोंद चुकता कामा नये, अशी अट आहे. तिला ती पाठ आहे. मलाही.

“वाजले किती?”

“आठ वीस.”

“मग?”

तिने लिहिले: ८.२०, फाटक बंद होते.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तो आला. केस गेले आहेत, चष्मा जाड झाला आहे, आकडे वाचताना ओठ हलवायची सवय तशीच. आधी त्याने खरी वही मागितली आणि पालीचे चित्र पाहून इतका हसला की मुख्याध्यापक घाबरले. मग मैदानाच्या टोकाला उभ्याउभ्या नवी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. अकरा मुले श्वास रोखून उभी. मी बारावी.

सतरा तारखेवर त्याचे बोट थांबले.

“हे काय? आठ वीस?”

“फाटक बंद होतं, सर,” कासव म्हणाली. मी तिचा आवाज वर्षभरात पाच-सहा वेळा ऐकला असेन. “उशिरा घेतली, म्हणून उशिरा लिहिली.”

“नियम काय आहे?”

“आठ.”

“मग ही नोंद धरायची का?”

वकीलने तोंड उघडले. मी तिचा हात दाबला. कासवाने विचार केला, तिच्या गतीने.

“ते तुम्ही ठरवायचं, सर. आम्ही काय झालं ते लिहायचं.”

त्याने वही मिटली. “एकवीस वर्षं वेधशाळेत आहे मी,” तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. “आमच्याकडे फाटकं बंद असतात, माणसं झोपतात, गाड्या बंद पडतात. पण वहीत रोज बरोबर आठच वाजतात. आठ वीस मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय.” आणि तिथेच, पेटीच्या छपरावर कागद ठेवून, सही केली.

त्यानंतर जो गोंगाट झाला, त्याचे वर्णन करण्याइतकी माझी भाषा समृद्ध नाही. लंबूने मुख्याध्यापकांना उचलले, एवढे नमूद करते.

२ डिसेंबर, सोमवार

केंद्र क्रमांक एकोणचाळीस. आज सकाळी वेधशाळेला पहिली अधिकृत नोंद कळवायची होती. रोजच्या पाळीत माझेही नाव घाला, असे मी शुक्रवारी सुचवले होते. मुलांनी आपापसांत कुजबुज केली आणि कळवले की आधी परीक्षा द्यावी लागेल. सगळ्यांनी दिली आहे.

मी पेटीचे दार उघडले, आकडा वाचला, खात्री करण्यासाठी पुन्हा वाचला, दशांशासाठी तिसऱ्यांदा.

“अठरा पूर्णांक सात.”

“नापास,” वकील म्हणाली. “दार उघडलं तेव्हा अठरा चार होतं. तुम्ही इतका वेळ तपासत उभ्या राहिलात की तुमच्याच श्वासाने पारा चढला. दहा सेकंदांत वाचून दार लावायचं असतं, मॅडम.”

तिचे बरोबर होते. आयुष्यात ह्यापूर्वी मी कोणत्याही परीक्षेत नापास झालेले नाही. छातीत काहीतरी मोकळे झाल्यासारखे वाटले. त्याला योग्य शब्द शोधते आहे.

मग वकीलने दूरध्वनी लावला आणि लंबूने घेतलेले आकडे वाचून दाखवले. पलीकडच्या माणसाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“बरोबर. नोंद कुणी घेतली?”

“आम्ही दोघांनी.”

“आणि मागून दशांश दशांश असं कोण सांगतंय?”

“त्या होय? शिकाऊ आहेत,” वकील म्हणाली. “हुशार आहेत तशा. परवापर्यंत तयार होतील.”

परवा कशाला? उद्याच.